रिक्षाच्या शिटाएवढा ओटा

आमच्या फाटकात उभं राहिलं की समोरच्या काकांच्या घराचं दार आता अर्धंच दिसतं. खालचा अर्धा भाग रस्त्याच्या आड गेलाय. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, हे घर मुळातच कुणीतरी खड्ड्यात बांधलं. परवा एक भाडेकरीण मला म्हणालीसुद्धा, "इतक्या खोलगट जागेत कसं काय बांधलं हो यांनी?" मी तिच्यावर उगीचच खेकसले. तिची काय चूक? तिनं ओटा पाहिलेलाच नाही.

काका-काकू माझ्या नात्यातले नव्हेत. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासूनचे समोरचे शेजारी. काका एसटीत कंडक्टर होते, जिंतूरच्या डेपोतून निवृत्त झालेले. त्यांनी बस सोडली, पण बसनं त्यांना सोडलं नव्हतं. चार माणसं जमली की "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय" हे त्यांच्या तोंडून यायचंच. घंटीची दोरी तुटलेल्या गाड्यांतच अर्धी नोकरी गेल्यामुळं गाडी सोडायची म्हणजे पत्र्यावर तळव्यानं दोन थापा, हेही हातात बसलेलं. गॅसची गाडी असो की भंगारवाल्याचा टेंपो, आमच्या गल्लीतून काकांच्या दोन थापांशिवाय निघाला असं व्हायचं नाही.

काकूंचे गुडघे कधीच कामातून गेले होते. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या, पण पायरी म्हटली की संपलं. त्यामुळं सकाळचा चहा झाला की त्या दारातून ओट्यावर यायच्या आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच. मांडीवर कापूस, वाती वळणं चालू, आणि पाय ओट्यावरून खाली सोडलेले. काकू ठेंगण्या. पाय जमिनीला पोचायचे नाहीत. बोलता बोलता ते शाळेतल्या पोरीसारखे हलायचे. गल्लीतली कुठलीही गोष्ट आधी त्या ओट्यावर जायची. कुणाची सून माहेरी गेली, नळ कधी येणार, कुणाच्या घरात उंदीर झालेत, सगळं. मी शाळेतून आले की पर्स खांद्यावर तशीच, आधी ओट्यावर टेकायची. "ये माय, बस. तोंड किती उतरलंय," एवढं काकूंनी म्हटलं की माझा दिवसभराचा ताप निम्मा उतरायचा. मी तापट आहे हे गल्लीला माहीत आहे. काकूंच्या शेजारी बसल्यावर मी तशी नसायची.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गल्ली अगदी टोकाला. पूर्वी इथं कापसाचं रान होतं. रानाचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं आली, पण माती काही तिचा स्वभाव सोडेना. चार थेंब पडले की ती पायाला अशी धरायची की चप्पल तिथंच आणि माणूस पुढं. मी पोखर्णीकडच्या एका खेड्यात शिकवायला जाते. पावसाळ्यात चप्पल पिशवीत घालून अनवाणी कोपऱ्यापर्यंत जायचं, पानटपरीच्या नळावर पाय धुवायचे आणि मग मॅडम व्हायचं, अशी माझी रोजची रीत होती. उन्हाळ्यात तोच चिखल वाळून दगडासारख्या चाकोऱ्या व्हायच्या. रिक्षावाले कोपऱ्यावरूनच हात हलवायचे.

एका पावसाळ्यात काकूंना रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी दवाखान्यात न्यायचं तर गल्लीत वाहन येईना. शेवटी त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलून कोपऱ्यापर्यंत नेली. एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, काकूंचा पदर चिखलात लोळला. दारादारांतून लोक बघत होते. दोन दिवसांनी काकू बऱ्या होऊन परत आल्या, पुन्हा तशाच खुर्चीतून. मी भेटायला गेले तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

"मेल्यावानी चौघांनी उचललं गं मला," त्या म्हणाल्या. "सगळी गल्ली बघायली होती. आता चौघांनी उचलायचं ते एकदाच. त्याच्याआधी न्हाई."

हे त्या रागात म्हणाल्या असतील असं मला वाटलं. पण काकू तशा नव्हत्या, बोलल्या की बोलल्या. त्यानंतर त्या खुर्चीत बसल्या नाहीत की कुणाच्या पाठुंगळी गेल्या नाहीत. डॉक्टरला घरी बोलवायचं, गोळ्या घरी आणायच्या. त्यात एकच गोष्ट राहत होती. पोखर्णीचा नृसिंह हे त्यांचं कुलदैवत. पाय धड होते तोवर काकांच्याच गाडीत बसून त्या वर्षातून एकदा तरी जायच्या. आता किती वर्षं झाली, दर्शन नव्हतं. मी रोज त्या रस्त्यानं जाते म्हणून मला विचारायच्या, "कळस दिसतो का गं बसमधून?" दिसत नाही, पण मी हो म्हणायची.

काकांना त्या अवघडल्या गोष्टीतून वाट सापडली ती अशी. एके सकाळी ते सुतळी घेऊन रिक्षा स्टँडवर गेले आणि एका रिक्षाच्या शिटाची जमिनीपासूनची उंची मोजून आले. रिक्षावाले हसले म्हणे, काका आता रिक्षा बांधायलेत का काय. घरी येऊन त्यांनी तीच सुतळी ओट्याला लावली. बरोब्बर जुळली.

"बाई, इकडं या! बघा!" त्यांनी मला हाक मारली. "रिक्षा ओट्याला घासून उभी करायची. हिनं ओट्यावर बसायचं आन् नुसतं सरकायचं. सरकली की थेट शिटावर. पायरी न्हाई, उचलणं न्हाई. जन्मभर लोकांना आत सरका म्हणलं, आता हिलाच म्हणायचंय."

काकू तोंडावर पदर घेऊन हसल्या. "आन् रिक्षा काय उडत येनार हाय का?"

"रस्ता आनतो," काका म्हणाले.

आमच्या गल्लीचं गावकीत शिरणं झालं ते एवढ्यासाठी. पुढं लोक म्हणाले की गल्लीत जागृती झाली, महिलांनी पुढाकार घेतला वगैरे. जागृती कसली? एका माणसाला बायकोला रिक्षात बसवून देवाला न्यायचं होतं. पण हेही खरं की त्याच्या निमित्तानं आम्ही सगळेच माणसांत आलो. ओट्यावर सभा भरायला लागल्या. काका उभे राहून बोलायचे, काकू वाती वळत मधूनच "आता पुरे, त्यांना चहा घेऊ द्या" म्हणायच्या. आम्ही गाजरगवत उपटलं, तुंबलेली नाली उपसली, कचरा टाकणाऱ्यांशी भांडलो. भांडायचं खातं माझ्याकडं होतं. नगरपालिकेत जायचं ठरलं की काका सगळ्यांना कोपऱ्यावर उभं करून मोजायचे आणि एकजण जरी कमी असला तरी गाडी सुटायची नाही. साहेब नाहीत, साहेब मिटिंगला गेलेत, साहेब जेवायला गेलेत. काका म्हणायचे, "बसतो आमी. आमाला थांबायची सवय हाय, पंक्चर काढायला तास तास थांबलेली मानसं आमी."

निवडणूक जवळ आली तसा आमचा रस्ता मंजूर झाला. नगरसेवक नारळ फोडायला आला तेव्हा काकांनी हट्ट धरला की नारळाला हळदकुंकू काकूंच्या हातचं लागलं पाहिजे. तो बिचारा नारळ घेऊन ओट्यापाशी आला. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. कुंकू लावतानाही त्यांचे पाय आपले हलतच होते. त्या दिवशी मला रडू आलं. आपल्याला काहीतरी करता येतं, आपण ओरडलो तर कुणीतरी ऐकतं, असं मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि मग मुरूम आला.

सिमेंटच्या आधी भराव म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून मुरूम येऊ लागला. आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण आमच्याकडं मुरमाची ट्रॉली दिसली की माणसाचं डोकं फिरतं. जन्मभर चिखलात पाय बुडालेली माणसं आम्ही. मुरूम म्हणजे कोरडं अंगण, मुरूम म्हणजे पाहुण्यांपुढं इज्जत. जो तो दारात उभा राहून ड्रायव्हरला हात करायला लागला. "इकडं टाक रे बाबा! आमच्या दारापुढं लय खड्डा हाय!" कुणी चहा पाजला, कुणी पोहे दिले. मीही चिवड्याची बशी घेऊन उभी होतेच. पण काकांपुढं कुणाचं काही चालेना. त्यांनी रस्ता आणलेला, मान त्यांचाच. शिवाय ट्रॉली मागं घ्यायला लावावी तर काकांनीच. तोंडात शिट्टी, हात वर, "येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगाला, येऊ दे… बस्स!" ट्रॉली त्यांच्या दारापुढं रिकामी व्हायची, आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या की ट्रॅक्टर पुढचा माल आणायला निघायचा. सगळ्यांत जास्त मुरूम काकांच्या दारी पडला. आम्ही जरा जळलोसुद्धा.

रोलर फिरून गेला त्या संध्याकाळी काकू ओट्यावर होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, माझे पाय टेकायलेत की जमिनीला."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. खरंच, पाय हलत नव्हते. दोन्ही तळवे मुरमावर टेकले होते.

"रस्ता तुला भेटायला आलाय," काका म्हणाले, आणि आम्ही हसलो. काकूही हसल्या, पण त्यांनी पाय पुन्हा उचलून बघितले, पुन्हा टेकवले. त्या ओट्यावर जन्म काढलेल्या बाईलाच ते कळलं होतं. तिलाही ते काय आहे ते सांगता आलं नसेल.

मुरमावर खडी आली, खडीवर सिमेंट आलं. जुनं उकरून खाली न्यायची पद्धतच नाही, जे आहे त्याच्यावर थर चढवायचा. पाणी मारायचे दिवस संपले, पोरांनी सायकली काढल्या, बायकांनी रस्त्यावर पापड वाळत घातले. आमच्यासारख्यांची मागाहून बांधलेली उंच जोत्याची घरं, आम्हाला काहीच झालं नाही, उलट एक पायरी वाचली. काकांचं घर गल्लीतलं पहिलं, सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत बुटकं. सिमेंट वाळल्यावर काका सुतळी घेऊन बाहेर आले. मी फाटकात होते. ते रस्त्यावर उभे राहिले आणि ओटा शोधू लागले. ओटा त्यांच्या पायांच्या खाली होता. सुतळी हातात धरून ते तसेच उभे राहिले. मला हाक मारली नाही. मीही गेले नाही.

पहिल्या पावसात सगळ्या गल्लीचं पाणी उतरून काकांच्या घरात गेलं. भांडी तरंगली, काकू पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. आम्ही बादल्या घेऊन धावलो. पाणी काढता काढता मला इतका संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी गवंडी बोलवून उंबऱ्यापुढं विटांचा बांध घातला. पाणी आत यायचं थांबलं. पण आधी दार ओलांडून काकू निदान बुडालेल्या ओट्यापर्यंत तरी येत होत्या, आता त्या बांधावरून पाय टाकणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. पाण्याला आत येऊ न देणाऱ्या त्या बांधानं काकूंना बाहेर येऊ दिलं नाही.

मी आणि काका नगरपालिकेत गेलो. या वेळी दोघंच. गल्लीत मी दारोदार सांगून आले होते, पण लोक म्हणाले, "एवढा चांगला रस्ता झालाय, आता फोडा म्हणून कुठं सांगता?" त्यांचंही खोटं नव्हतं. टेबलापलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, रस्ता न्हाई म्हणून तुमीच आले होते. आता रस्ता हाय म्हणून आलात. आमी करावं तरी काय?"

मी तिथं जे बोलायचं ते बोलले. आवाज चढला, बाहेरचे लोक आत डोकावले. एरवी काकांनी मला चेव आणला असता. त्या दिवशी त्यांनी माझ्या हाताला धरलं. "चला बाई. ते काय म्हणायलेत ते बरोबर हाय. शिट्टी माझ्याच तोंडात होती." परत येताना ते नव्या रस्त्यावरून चालत होते आणि खाली बघत होते.

सभा बंद पडल्या. कुणी बंद केल्या नाहीत, पण बसायचं कुठं? एक दोनदा माझ्या घरी चहाला बोलावलं, सगळे खुर्च्यांवर अवघडून बसले आणि लवकर उठले. मग मोबाइलवर ग्रुप झाला. त्यात सकाळी फुलांची चित्रं येतात आणि कुणाची गाडी कुणाच्या दारापुढं लागली यावरून वाद होतात. गल्ली सुधारली. चिखल नाही, डास कमी झाले, घरांचे भाव वाढले म्हणतात. मला मात्र शाळेतून आल्यावर पर्स खांद्यावर घेऊन जायला जागा राहिली नाही.

मी काकूंकडं जायचे, पण ते आत जाणं होतं. बांध ओलांडून, डोकं वाकवून, खाली उतरून. खोलीत दिवसाही दिवा लावायचा. खिडकीतून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. काकू पायांवरून माणसं ओळखायला शिकल्या होत्या. "आता गेली ती शेवटच्या घरातली. टाच घासत चालते," असं सांगायच्या. वाती वळणं चालू होतं, पण तोंड उतरलेलं असायचं. मुलगा पुण्याला असतो, तो चला चला म्हणायचा. काकू नको म्हणायच्या. काकांनी एकदा भीत भीत विचारलं, "फक्त बांधाच्या वर. दोघं धरतो. तिथून पुढं रिक्षाच हाय. पोखर्णी करून येऊ."

"उचलनारच की मग," काकू म्हणाल्या. "चार असो की दोन."

मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून पोखर्णीला गेले आणि अंगारा आणला. काकूंनी तो कपाळाला लावला, उरलेला काकांच्या कपाळाला लावला आणि मला विचारलं, "कळस दिसतो ना गं?" मी म्हटलं, "दिसतो." तेव्हा मी खरंच पाहून आले होते, तरी ते मला खोट्यासारखंच वाटलं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि एका सकाळी काकू उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. मला कुठं भाग्य दिसेना.

पुण्याहून मुलगा आला. स्वर्गरथ बोलावला होता. पूर्वी गल्लीतलं कुणी गेलं की त्याला कोपऱ्यापर्यंत खांद्यावर न्यावं लागायचं, गाडी चिखलात यायचीच नाही. आता ती सरळ आत आली आणि काकांच्या दाराला घासून उभी राहिली. गर्दीतलं कुणीतरी अगदी भल्या मनानं म्हणालं, "रस्ता झाला ते बरं झालं. दारापर्यंत गाडी आली."

मी काकांकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

चौघांनी काकूंना उचललं. बांधावरून वर घ्यायला जड गेलं, खालच्यांनी वर धरलं, वरच्यांनी वाकून घेतलं. एकजण "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता. नवं लुगडं होतं, नारळाच्या दिवशीचं. गाडीत ठेवून झालं, मुलगा आत बसला, काकांना हाताला धरून वर घेतलं. माणसं दाटीनं उभी होती. काका आत सरका म्हणतील असं मला वाटलं. ड्रायव्हर मागं वळून बघत होता, निघू का म्हणून. सगळे काकांकडं बघत होते.

काकांनी तळहात उचलला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी गेली. पुरुष गेले. मागं आम्ही बायका राहिलो. माणूस नेल्यावर घर धुवायचं असतं. आम्ही घराच्या आतल्या कोपऱ्यापासून धुवायला सुरुवात केली, पाणी ओतत ओतत दाराशी आलो. पाणी बाहेर जाईना. बांध होता ना. घरभर ते घोटाभर साचून राहिलं, त्यात काकूंच्या न वळलेल्या वातींचा कापूस तरंगत होता. मग मी तांब्या घेतला आणि ते पाणी बांधावरून वर रस्त्यावर फेकायला लागले. बाकीच्याही लागल्या. मी रडत होते आणि फेकत होते, मोठमोठ्यानं कुणाला तरी शिव्या देत होते, आणि कुणीच मला अडवलं नाही.

रस्त्याचा उतार त्यांच्याच दाराकडं आहे. आम्ही वर फेकलेलं पाणी बांधाच्या पलीकडं जमत गेलं आणि थोड्या वेळानं बांधाच्या विटांमधून झिरपत पुन्हा आत यायला लागलं.